मला यातून काढा

माझ्या मेलच्या डाव्या पट्टीत एक फोल्डर आहे. त्याच्या नावापुढे न वाचलेल्या मेल्सचा आकडा दिसतो. त्या दिवशी सकाळी तो ४१,३०६ होता. लक्षात राहिला, कारण मी त्याच्याकडे बघत चांगली दोन मिनिटं नुसती बसून होते. एके काळी तिथे आकडाच नसायचा. रात्री शेवटची मेल वाचून झाल्याशिवाय मी लॅपटॉप मिटत नसे. दाराला कडी लावली की नाही, या शंकेने झोप येऊ नये, तसं व्हायचं.

अकरा वर्षं मी त्या लिस्टवर होते. एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअर प्रकल्पाची मेलिंग लिस्ट. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात लिस्टचा दोष फारसा नाहीच. रोज शंभर-सव्वाशे मेल्स यायच्या. ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी: एका पत्त्यावर मेल टाकली की ती यादीतल्या सगळ्यांकडे जाते, कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांकडे जातं, आणि हे सगळं आर्काइव्हमध्ये साठून राहतं. अंगठे नाहीत, बदाम नाहीत, समोरचा टाइप करतोय हे सांगणारे नाचरे ठिपके नाहीत. निव्वळ मजकूर.

दिसायला अगदी रूक्ष. पण दोघांनी एकाच वेळी डेटा बदलू नये म्हणून कोडमध्ये लावतात ते लॉक इथे घ्यावं की दोन ओळी खाली, यावर दोन हुशार माणसं तीन दिवस हमरीतुमरीवर येतात आणि चौथ्या दिवशी त्यांतला एक लिहितो, ‘हो, माझंच चुकलं, या क्रमाने गेलं तर डेडलॉक होतो’, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत अडकून पडतात, हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. चारचौघांत, तेही कधी न पुसल्या जाणाऱ्या जागी, माणूस आपली चूक इतक्या सहज कबूल करू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मला स्वतःला ते जमायला पाच-सहा वर्षं लागली. अजून पुरतं जमतं असं नाही.

तर, निघायचं का ठरवलं ते सांगते.

एका नव्या सेटिंगचं नाव काय ठेवायचं यावर थ्रेड, म्हणजे एकाच विषयावरच्या मेल्सची साखळी, सुरू झाला होता. नाव ‘मॅक्स’ने सुरू व्हावं की ‘लिमिट’ने संपावं, एवढाच प्रश्न. चार दिवसांत ९४ मेल्स. त्याच आठवड्यात एकाने डेटा डिस्कवर लिहिण्याच्या क्रमात बदल करणारा पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला होता. चुकला तर लोकांचा डेटा जाईल असा. त्यावर दोन उत्तरं आली, त्यांतलं एक ‘छान’ एवढंच. हे काही नवं नाही. पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ सालीच अशी एक समिती रंगवून ठेवली आहे: अणुभट्टीला अडीच मिनिटांत मंजुरी देते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते. अणुभट्टी कुणालाच कळत नाही. शेड सगळ्यांनाच कळते. १९९९ मध्ये सांगितले तेवढे सेकंद थांबणाऱ्या ‘स्लीप’ या चिमुकल्या कमांडला सेकंदाचे अपूर्णांक चालावेत की नाही यावर फ्रीबीएसडी या संगणकप्रणालीच्या लिस्टवर रणकंदन माजलं, तेव्हा तिथलेच एक प्रोग्रॅमर पॉल-हेनिंग काम्प यांनी वैतागून या सायकलशेडची आठवण करून दिली. तेव्हापासून आमच्या धंद्यात असल्या वादाला ‘बाइकशेडिंग’ म्हणतात. शब्द सगळ्यांना येतो. थांबत मात्र कुणी नाही, आणि गंमत म्हणजे ‘हे बाइकशेडिंग चाललंय’ असं सांगणाऱ्या मेल्सनीच थ्रेड आणखी लांबतो.

साठाव्या मेलपाशी मी उत्तर लिहायला घेतलं. एका सद्गृहस्थांनी तोच तो मुद्दा तिसऱ्यांदा मांडला होता, निदान मला तसं वाटलं, आणि माझ्या बोटांतून एक वाक्य आपोआप उतरलं. तिरकस, नेटकं, शेवटी चिमटा. वाक्य झकास जमलं होतं. मी ते दोनदा वाचलं, एक शब्द बदलला, पुन्हा वाचलं आणि स्वतःशीच हसले.

मग कशाने कोण जाणे, नजर थ्रेडच्या यादीकडे गेली. साठापैकी निम्म्या ओळी अजून ठळक अक्षरांत होत्या. म्हणजे मी त्या उघडल्याच नव्हत्या. तीसेक मेल्स न वाचता मी एका माणसाला ‘तू वाचत नाहीस’ असं सुनवायला निघाले होते.

लेखी तिरकसपणाबद्दल एक प्रयोग मला फार आवडतो. २००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. लोकांना काही वाक्यं उपरोधाने आणि काही सरळ अर्थाने कळवायला सांगितली; काहींनी बोलून, काहींनी ईमेलने. ईमेल लिहिणाऱ्यांचा अंदाज होता की वाचणाऱ्याला आपला सूर ७८ टक्के वेळा बरोबर कळेल. प्रत्यक्षात कळला ५६ टक्के वेळा. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं. आपण लिहिताना आपलं वाक्य आपल्याच आवाजात ऐकत असतो. समोरच्याकडे आवाज पोचत नाही, नुसती अक्षरं पोचतात. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकी फलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा एक विनोद झाला आणि कुणीतरी तो खरा मानला. त्या गोंधळावर उपाय म्हणून स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून आडवा हसरा चेहरा सुचवला. म्हणजे हसू लेखी दाखवायची ही खूण जन्मली तीच भांडण टाळायला. आता मी पाहते, की सगळ्यात बोचऱ्या वाक्यांच्या शेवटी तीच लावलेली असते.

वाक्य मी पाठवलं नाही. त्यात माझा शहाणपणा फारसा नव्हता. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकाच्या कागदपत्रांत नोंदवलेले असतात त्यांतलं एक, आरएफसी १८५५, सॅली हॅम्ब्रिज यांनी १९९५ मध्ये लिहिलं. नेटवरच्या शिष्टाचाराबद्दल आहे. त्यात सांगितलंय की भावनेच्या भरात लिहिलेलं उत्तर रात्रभर ठेवा, मग पाठवा. लिस्टवर आले त्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी मला ते वाचायला लावलं होतं. तर मी ड्राफ्ट तसाच ठेवला आणि झोपले. सकाळी उठून पाहते तो सेटिंगचं नाव ठरून गेलेलं. मी काही बोलले नाही म्हणून जगाचं काडीचंही अडलं नव्हतं. ४१,३०६ ची ती दोन मिनिटं त्याच सकाळची.

मला तेव्हा जे जाणवलं ते असं: लिस्ट बिघडली होती म्हणून मी वैतागले नव्हते. मी वाचणं सोडलं होतं, बोलणं मात्र सोडलं नव्हतं. गेली दोन-तीन वर्षं मी थ्रेड वरवर चाळायचे, कुठे कोण चुकलं ते हेरायचे आणि तेवढ्यावर झडप घालायचे. असा माणूस लिस्टवर असला की त्याचा ताप इतरांना होतो. मला असे चार-पाच जण ठाऊक होते आणि मी त्यांना मनातल्या मनात नावं ठेवत आले होते.

बरं, निघायचं तर निघायचं. प्रत्येक मेलच्या तळाशी लिंक असते. अकरा वर्षांत तीन-साडेतीन लाख वेळा तरी ती माझ्या डोळ्यांखालून गेली असेल. काखेत कळसा म्हणतात तो हाच. लिंक उघडली, माझा पत्ता भरला, बटण दाबलं. पानावर एक सभ्य वाक्य आलं: तुम्ही या यादीचे सदस्य असाल, तर तुम्हाला खात्रीसाठी एक मेल पाठवण्यात आली आहे.

मेल आली नाही. तासाभराने पुन्हा पत्ता भरला. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा काही नाही. स्पॅममध्ये पाहिलं. तिथेही नाही. दरम्यान लिस्टवरून मात्र १४ नव्या मेल्स येऊन पडल्या होत्या, बिनचूक.

‘असाल, तर’ ही काही सॉफ्टवेअरची टाळाटाळ नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. परक्या कुणी तुमचा पत्ता टाकून तुम्ही त्या यादीत आहात की नाही हे काढून घेऊ नये, म्हणून पान हो किंवा नाही म्हणतच नाही. विचार चांगला आहे. पण दारापाशी अडकलेल्याला ते वाक्य कसं लागतं, हे त्या दिवशी कळलं. आपण विचारतोय आणि भिंत नम्रपणे मान डोलावतेय.

शेवटी मी मेलचा मूळ मजकूर उघडला. प्रत्येक मेलच्या डोक्यावर पाच-पन्नास ओळींची हेडर्स असतात, एरवी लपवलेली. कुठल्या सर्व्हरने कुणाकडून कधी घेतली त्याच्या नोंदी त्यांत असतात, आणि त्या खालून वर वाचायच्या असतात, कारण प्रत्येक नवा सर्व्हर आपला शिक्का सगळ्यात वर मारतो. त्यातच यादीतून बाहेर पडायचा पत्ता सांगणारी एक ओळही असते; १९९८ च्या आरएफसी २३६९ मध्ये ती ठरली. मेल प्रोग्रॅम वरच्या बाजूला ‘अनसबस्क्राइब’चं बटण दाखवतात ते बहुधा याच ओळीवरून. मी मात्र वेगळी ओळ शोधत होते: परतीचा पत्ता. पोचू न शकलेली मेल जिथे माघारी जाते तो. तो असा होता: लिस्टचं नाव, मग ‘बाउन्सेस’, मग अधिकचं चिन्ह, आणि त्यापुढे, ‘अ‍ॅट’च्या खुणेच्या जागी बरोबरचं चिन्ह घातलेला, माझा पत्ता.

माझा, पण आताचा नव्हे. शिकत असतानाचा. त्या खात्याला मी कित्येक वर्षांत हात लावलेला नाही. तिथे येणारं सगळं आपोआप नव्या पत्त्यावर ढकललं जातं आणि ते तसं ढकललं जातंय हेही मी विसरून गेले होते. लिस्टवर कुणीही लिहू शकत असे, त्यामुळे आपण नेमक्या कुठल्या पत्त्याने सदस्य आहोत हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. परतीच्या पत्त्यातच घेणाऱ्याचं नाव गुंफायची ही युक्ती डॅनियल बर्नस्टाईन यांनी नव्वदच्या दशकात रूढ केली. हेतू हा की मेल माघारी आली तर ती नेमकी कुणाची हे यंत्राला कळावं. माझ्या बाबतीत ते उलट्या बाजूने उपयोगी पडलं: मी कोण आहे हे यंत्राने मला सांगितलं.

जुना पत्ता भरला. मिनिटाच्या आत खात्रीची मेल आली, जुन्या वाटेने फिरून. तिच्यातली लिंक दाबणार, तोच मला एक माणूस आठवला.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. लिस्टवर एक मेल आली. विषय ‘अनसबस्क्राइब’, आत काही नाही. नवखी माणसं असं करतात. यंत्राला द्यायचा निरोप सगळ्यांना देतात. ही चूक लिस्टइतकीच जुनी आहे. सुरुवातीला नावं घालणं-काढणं माणसंच हाताने करायची. बिटनेट या नेटवर्कवर ते काम यंत्रावर सोपवणारा ‘लिस्टसर्व्ह’ हा प्रोग्रॅम एरिक थॉमस यांनी १९८६ मध्ये लिहिला, तेव्हा ते पॅरिसमध्ये शिकत होते. लिस्टच्या नावाला ‘रिक्वेस्ट’ जोडून केलेला वेगळा पत्ता कारभारासाठी राखायचा, हा संकेतही जुनाच. १९९७ मध्ये तो आरएफसीत लिहूनही ठेवला गेला. म्हणजे दोन दारं: एक बोलायचं, एक ये-जा करायचं. बाहेरून दोन्ही दिसायला सारखी.

दोन दिवसांनी त्याच माणसाची दुसरी मेल: कृपया मला यातून काढा. मग तिसरी. मग चौथी, सगळी कॅपिटल अक्षरांत, उद्गारचिन्हांसकट. तोवर लिस्टला रंग चढला होता. कुणी गाइडची लिंक दिली, कुणी गंमत केली. मी लिहिलं: ‘प्रत्येक मेलच्या तळाशी एक ओळ असते. वाचता येणाऱ्यांसाठी आहे.’

चार जणांनी त्याखाली ‘अधिक एक’, म्हणजे ‘माझंही हेच मत’, असं लिहिलं. मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, खूपच बरं वाटलं होतं.

आर्काइव्ह उघडून मी तो थ्रेड काढला. सापडायला वेळ लागला नाही, माझं वाक्य मला पाठ होतं. माझ्या उत्तराच्या वर त्याची तिसरी मेल होती, आणि तिच्यात दोन वाक्यं होती: ‘तळाची लिंक मी वापरून पाहिली. खात्रीची मेल येत नाही.’

माझ्यासारखंच झालं असेल का त्याचं? जुना पत्ता, आपोआप ढकलली जाणारी मेल? असेलही, नसेलही. स्पॅम फिल्टरने खाल्ली असेल. आता कळायला मार्ग नाही. पण त्याने सांगितलं होतं. पाचशे-हजार माणसांच्या यादीत एकानेही ते दुसरं वाक्य वाचलं नव्हतं, आणि सगळ्यात कमी वाचलं होतं ते वाचनावरून टोमणा मारणाऱ्या बाईने.

तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, काय उद्धट माणूस आहे. चौथ्या मेलमध्ये तो उद्धट होता, यात वाद नाही. पहिल्या तीन मेल्समध्ये नव्हता. दार सापडेना म्हणून माणूस ओरडतो, आणि आत बसलेल्यांना फक्त ओरडणं ऐकू येतं. मायक्रोसॉफ्टमध्ये १९९७ साली कुणाला तरी कळलं की आपलं नाव हजारो जणांच्या एका अंतर्गत यादीत आहे. ‘मी यात कसा? मला काढा’ असं त्याने त्या यादीलाच लिहिलं. त्यावर ‘मलाही’, ‘मलाही’ अशी उत्तरं आली, तीही सगळ्यांना, आणि कंपनीची मेलव्यवस्था कोलमडली. यादीचं नाव ‘बेडलॅम’ने सुरू होत होतं, म्हणजे वेड्यांचा बाजार. हा किस्सा आम्ही लोक नेहमी हसत सांगतो. मीही सांगितलाय. पण त्यातलं एकही वाक्य उर्मट नव्हतं हे मला आत्ता, लिहिताना, पहिल्यांदा लक्षात येतंय.

सभ्यपणाबद्दल तंत्रज्ञांच्या जगात खूप बोललं जातं आणि त्यात बऱ्याचदा दोनच बाजू दिसतात. एक म्हणते गोड बोला. दुसरी म्हणते गोड बोलून वाईट कोड आत येतो, आम्ही फटकळ आहोत पण खरं बोलतो. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, काम करणाऱ्यांच्या लिस्टवर ही दुसरी बाजू वर्षानुवर्षं चालली. २०१८ च्या १६ सप्टेंबरला खुद्द लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी नव्या चाचणी-आवृत्तीच्या घोषणेसोबतच आपल्या जुन्या मेल्सबद्दल माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले, आणि पुढची आवृत्ती त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी बाहेर काढली. कर्नलचं काही बिघडलं नाही. फटकळपणामुळे दर्जा टिकतो हे मला कधीच पटलेलं नाही. ज्यांना ते पटतं ते आर्काइव्ह दाखवतात: बघा, इतकं बोलणं खाऊनही हे लोक टिकले. पण आर्काइव्हमध्ये टिकलेलेच दिसणार. जे गप्प उठून गेले त्यांची मेल त्यात कुठून असणार?

आणि गोड बोलण्यानेही सगळं भागत नाही. त्याच वर्षी १२ जुलैला पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी ‘सत्तेचं हस्तांतर’ अशा विषयाची मेल लिहून प्रमुखपद सोडलं. निमित्त होतं एका चिन्हाचं, अपूर्णविराम आणि बरोबर एकत्र. त्या प्रस्तावावरच्या चर्चेत शिवीगाळ झाली म्हणून ते गेले, असं नाही. एका प्रस्तावासाठी इतकं झगडायचं आणि वर इतक्या लोकांनी आपल्या निर्णयाचा तिरस्कार करायचा, हे यापुढे नको, असं त्यांनी लिहिलं. शेकडो मेल्स, बहुतेक सभ्य, प्रत्येक जण फक्त आपला मुद्दा ‘एकदा शेवटचं’ सांगणारा. माणूस त्यानेही थकतो. ते चिन्ह २०१९ च्या आवृत्तीत आलं आणि आता लोक ते सहज वापरतात.

मला जो सभ्यपणा शिकायला मिळाला तो आमच्या लिस्टवरच्या एका मेन्टेनरकडून, म्हणजे प्रकल्पाची देखरेख करणाऱ्याकडून. तो फार गोड बोलायचा असं नाही, ‘धन्यवाद’सुद्धा क्वचित. त्याची पद्धत मी कशी ओळखली ते सांगते. एकदा कुणीतरी एकाच्या पॅचवर लिहिलं: ‘हा कचरा आहे. चालवून तरी पाहिला होता का? रिकामी यादी दिली तर तिसऱ्या फंक्शनमध्ये कोसळतो.’ मेन्टेनरने उत्तर देताना त्यातला मजकूर उद्धृत केला, नेहमीसारखा, ओळीच्या सुरुवातीला कोनी खूण लावून. पण उद्धृत केली फक्त शेवटची ओळ. खाली लिहिलं, ‘बरोबर. रिकाम्या यादीची टेस्ट हवी. तू घालतोस का?’ पहिली दोन वाक्यं त्याने कापून टाकली होती. रागावला नाही, समज दिली नाही, समजूतही काढली नाही. पुढचे सगळे त्याच्या मेलला उत्तर देत गेले आणि कचरा हा शब्द त्या थ्रेडमधून नाहीसा झाला. मूळ मेल शेजारी ठेवून पाहिली तरच कळतं. मी नंतर मुद्दाम त्याच्या जुन्या मेल्स अशा जोडीने लावून पाहिल्या. वर्षानुवर्षं तो हे करत होता आणि बहुधा कुणाला पत्ता नव्हता.

त्यासाठी आधी सगळं वाचावं लागतं, हे ओघानेच आलं. काय ठेवायचं ते कळल्याशिवाय काय कापायचं ते कळत नाही.

इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये मतदान घेत नाहीत. सभेत हात वर करण्याऐवजी लोकांनी चक्क गुणगुणायचं आणि त्यावरून कौल जोखायचा, अशी तिथली जुनी रीत. पीट रेझनिक यांनी २०१४ मध्ये आरएफसी ७२८२ मध्ये या पद्धतीमागचा विचार नीट मांडला. प्रत्येक आक्षेप मान्य करायला हवा असं नाही, पण प्रत्येक आक्षेपाची दखल घेऊन त्याला उत्तर मिळालेलं असायला हवं. शंभर जण एका बाजूला आणि पाच दुसऱ्या, तरीही पाचांच्या मुद्द्याला उत्तर नसेल तर एकमत झालं असं म्हणता येत नाही. आमच्या त्या चार मेल्सवाल्या माणसाच्या बाजूला एकटा तोच होता, आणि त्याच्या मुद्द्याला उत्तर नव्हतं.

निरोपाची मेल लिहावी का, यावर माझे दोन दिवस गेले. अशा मेल्सचा मला मोठा अनुभव. ‘या लिस्टचं काय झालंय ते पाहून खेद होतो, मी निघतो’ असं लिहून निघणारा माणूस पुढचे चार दिवस तिथेच असतो, आपल्या निरोपावर आलेल्या उत्तरांना उत्तरं देत. मीही एक मसुदा केला. तीन परिच्छेदांचा, हळवा, मधे एक टोमणा. टोमणा काढला तर उरलेल्यात काही दम नव्हता, म्हणून सगळंच पुसलं. मेन्टेनरला तेवढी खाजगी मेल लिहिली, त्या कापलेल्या ओळींबद्दल. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. आर्काइव्ह इथेच आहे.’

मग ती लिंक दाबली. तुमचं नाव यादीतून काढण्यात आलं आहे. अकरा वर्षं आणि एक क्लिक.

त्याच संध्याकाळी मी त्या माणसाला लिहायला बसले. त्याचा पत्ता आर्काइव्हमध्ये होताच. लिहिलं की सहा वर्षांपूर्वी तुम्ही तिसऱ्या मेलमध्ये लिंक चालत नाही असं सांगितलं होतं, ते मी न वाचताच तुम्हाला टोमणा मारला, मला तेव्हा माफी मागायला हवी होती, आता मागते. हेडरमध्ये जुना पत्ता कसा शोधायचा तेही लिहायला घेतलं होतं, पण सहा वर्षांनी ते सांगणं म्हणजे पुन्हा तोच शहाणपणा, म्हणून खोडलं. पाठवली.

चाळीसेक सेकंदांत परत आली. ५५०, ५.१.१, असा वापरकर्ता अस्तित्वात नाही.

लिस्टचं सॉफ्टवेअर अशा माघारी आलेल्या मेल्सची मोजदाद ठेवतं. ठरावीक संख्या झाली की त्या पत्त्याला मेल पाठवणं थांबवतं आणि पुढे काही दिवसांनी नाव काढून टाकतं. म्हणजे खातंच बंद झाल्यावर कधीतरी तो यादीतून बाहेर पडला असणार. कधी, ते सांगता येणार नाही.

फोल्डर मी अजून काढलेलं नाही. आकडा आता वाढत नाही, एवढंच. परवा रिकामा वेळ होता तेव्हा त्यातलाच सेटिंगच्या नावाचा तो थ्रेड उघडला आणि पहिल्यापासून वाचत गेले, सगळ्या ९४ मेल्स. दीड तास लागला. मी ज्या मुद्द्यासाठी ते झकास वाक्य लिहिलं होतं तो ३७ व्या मेलमध्ये एकाने आधीच मांडून झाला होता, माझ्यापेक्षा नीट. ४१ व्या मेलमध्ये त्याला उत्तर मिळालं होतं. आणि ज्यांना मी सुनवणार होते ते सद्गृहस्थ साठाव्या मेलमध्ये त्या उत्तरालाच दुजोरा देत होते.